वृत्तपत्रांतील चित्रमालिका आणि त्यांची चलच्चित्रे : शोधाची प्रस्तावना

वृत्तपत्रातील चित्रमालिका म्हणजे ठरलेल्या पानावर, ठरलेल्या आकारात, रोज किंवा दर रविवारी छापली जाणारी तीन-चार चौकटींची गोष्ट. पात्रे तीच आणि चित्रकार बहुधा तोच असतो. प्रसंग मात्र रोज नवा असतो, नाही तर काल जिथे थांबला तिथून पुढे सरकतो. पात्रांचे बोलणे फुग्यात लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला एका मालिकेसाठी अर्धे मिनिटही पुरते. या अर्ध्या मिनिटाच्या वाचनाने जगभरच्या वाचकांच्या कित्येक पिढ्यांना सकाळचा पेपर उघडण्याची गोडी लावली. तरीही अभ्यासकाला आज सर्वांत दुर्मीळ झालेला छापील मजकूर हाच आहे, कारण ज्या कागदावर तो छापला गेला तो कागद महिन्याच्या शेवटी रद्दीत जातो. या मालिकांवरून निघालेले ॲनिमेशनपट त्या मानाने सहज सापडतात आणि त्यामुळे पात्राची खरी जन्मकथा विसरली जाते. मूळ मालिका आणि तिचे चलच्चित्र यांचा शोध कसा घ्यावा आणि एक दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखावे, हा या विषयाचा गाभा आहे.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतील मोठ्या दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत झाला. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत १८९५ पासून ‘यलो किड’ हे पिवळ्या झग्यातले पोर गाजू लागले. १८९७ मध्ये ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ ही दोन खोडकर भावांची मालिका आली. १९०७ मध्ये बड फिशर यांची ‘मट अँड जेफ’ सुरू झाली आणि रोज छापली जाणारी आडवी पट्टी लोकप्रिय झाली. पुढे किंग फीचर्ससारख्या संस्था एकाच मालिकेचे हक्क शेकडो दैनिकांना विकू लागल्या. त्यामुळे एका गावात चितारलेले पात्र एकाच दिवशी अनेक देशांत वाचले जाऊ लागले. ही वितरणपद्धत शोधकाने नीट समजून घ्यावी. एकच चित्र निरनिराळ्या दैनिकांत निरनिराळ्या तारखांना आणि निरनिराळ्या आकारांत छापले गेल्याचे दिसते, त्याचे कारण हे आहे.

मराठी वृत्तपत्रसृष्टीत चित्रमालिका उशिरा आली, पण तिच्यासाठी लागणारी जमीन जुनी होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ अहमदनगर येथे सुरू झाले. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा मराठी नियतकालिकांशी असलेला संबंध इतका जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ठाण्याच्या ‘हिंदुपंच’सारख्या पत्रांनी विनोदाला आणि उपहासाला जागा दिली. स्वातंत्र्यानंतर एका चौकटीच्या व्यंगचित्राने मुंबईच्या दैनिकांत मान मिळवला. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या वाचकांच्या सोबतीला आला. बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ काढून व्यंगचित्राला साप्ताहिकाचे हक्काचे घर दिले. शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकारांनी दिवाळी अंकांतून मराठी वाचकाला रेषेतला विनोद वाचायला शिकवले. ही सारी परंपरा मुख्यतः सुट्या चित्राची होती. रोज पुढे चालणारी, तीच माणसे घेऊन येणारी मालिका ही तिच्या पुढची पायरी होती.

ती पायरी मराठी वाचकाने आधी परदेशी पात्रांच्या हाताला धरून चढली. ली फॉक यांनी १९३४ मध्ये ‘मँड्रेक’ आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ अमेरिकन दैनिकांत सुरू केले. फँटमची भारतातली ओळख मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ने करून दिली. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पुढे अमर चित्र कथेचे जनक म्हणून ओळखले गेलेले अनंत पै त्या काळात या प्रकाशनाशी जोडलेले होते. इंद्रजालच्या मराठी आवृत्तीतून फँटम ‘वेताळ’ झाला आणि मँड्रेक जादूगार म्हणून घरोघरी पोचला. फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर यांच्या कथाही इंद्रजालमध्ये आल्या. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्यात ‘बहादूर’ हा भारतीय नायक आणला. १९९० मध्ये हे प्रकाशन थांबले. ज्या पिढीने शाळेच्या सुट्टीत वेताळाच्या कवटीच्या गुहेची चित्रे पाहिली, तिच्यातल्या अनेकांना ही चित्रे मुळात दैनिकासाठी काढलेली होती याची कल्पना नव्हती.

शोधकाने येथे पहिला भेद ध्यानात घ्यावा. इंद्रजालचा अंक हे मूळ छापील रूप नाही, ते पुनर्मुद्रण आहे. दैनिकासाठी काढलेल्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानावर बसवताना चौकटी कापल्या जात, वाढवल्या जात, कधी वगळल्या जात. दररोजच्या पट्टीत आदल्या दिवसाची आठवण करून देणारे वाक्य असते. पुस्तकात त्याची गरज नसल्याने ते गाळले जाई. मजकुरातही फेरफार झाले. मूळ कथेतला ‘बेंगाली’ हा काल्पनिक प्रदेश बंगालशी गोंधळ होऊ नये म्हणून ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ नावाचे समुद्री चाचे ‘सिंगा’ झाले. त्यामुळे मराठी इंद्रजाल वाचून मूळ मालिकेबद्दल विधान करणे धोक्याचे ठरते. या अंकांचे स्वतःचे मोल मात्र मोठे आहे. मराठी मुलाने जगातली चित्रकथा कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपात वाचली, याचा तोच खरा पुरावा आहे.

मराठी दैनिकाची स्वतःची मालिका म्हणून सर्वांत ठळक नाव ‘चिंटू’चे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये पहिल्यांदा आला. आई-पप्पा, आजी-आजोबा, मिनी, पप्पू, बगळ्या, राजू, जोशीकाकू, सतीशदादा ही माणसे मध्यमवर्गीय मराठी वाड्यातून किंवा सोसायटीतून उचललेली होती. अभ्यासाचा कंटाळा, क्रिकेटचे वेड, आईचा ओरडा आणि शेजाऱ्यांच्या खोड्या एवढ्या भांडवलावर ही मालिका वर्षानुवर्षे चालली. पुढे ती ‘लोकमत’मध्येही आली आणि तिचे संग्रह पुस्तकरूपाने निघाले. मराठी मुलाचे रोजचे बोलणे, पाहुण्यांसमोर त्याची होणारी फजिती, परीक्षा आणि सुट्टी यांचे वार्षिक चक्र यांची इतकी सलग नोंद दुसऱ्या कुठल्या छापील प्रकारात क्वचितच आढळेल. पुस्तकांत निवडक पट्ट्या येतात. एखादी पट्टी कोणत्या दिवशी, कोणत्या बातमीशेजारी छापली होती हे जाणण्यासाठी मूळ अंकाकडेच जावे लागते. गणेशोत्सव, दिवाळी, पहिला पाऊस, क्रिकेटचा विश्वचषक अशा निमित्तांनी काढलेल्या पट्ट्यांचा अर्थ तारखेशिवाय अर्धाच कळतो.

चित्रमालिका आणि चलच्चित्र यांचे नाते पहिल्यापासून जवळचे आहे. विन्सर मॅके यांची ‘लिटल नेमो’ ही मालिका १९०५ मध्ये ‘न्यूयॉर्क हेराल्ड’मध्ये सुरू झाली. १९११ मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे ४,००० चित्रे काढून तिच्यातली पात्रे पडद्यावर हलवून दाखवली. ॲनिमेशनच्या इतिहासातल्या आरंभीच्या कृतींत या छोट्या पटाची गणना होते. पुढच्या दशकात ‘क्रेझी कॅट’ आणि ‘मट अँड जेफ’ पडद्यावर आले. त्यानंतरचे सर्वांत मोठे उदाहरण ‘पॉपाय’चे. ई. सी. सेगर यांच्या ‘थिंबल थिएटर’ या १९१९ पासून चाललेल्या मालिकेत हा खलाशी १७ जानेवारी १९२९ रोजी किरकोळ पात्र म्हणून आला आणि मालिकाच त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३३ मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याला पडद्यावर आणले.

पॉपायच्या दोन रूपांतला फरक या विषयाचा उत्तम धडा आहे. मूळ मालिकेतल्या पहिल्या मोठ्या कथेत त्याला बळ मिळते ते एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावर हात चोळल्याने. पालकाचा डबा फोडून ताकद मिळवण्याची रीत पक्की केली ती चलच्चित्रांनी. सेगर यांच्या कथा महिनोन्‌महिने चालत, त्यांत प्रवास, कारस्थाने आणि विचित्र प्राणी असत. सात मिनिटांच्या पटात एका भांडणापुरतीच जागा होती. पडद्यावरचा पॉपाय पाहून मूळ मालिकेची कल्पना करणाऱ्याला सेगर यांची खरी प्रतिभा दिसतच नाही.

याच मालिकेचा एक धागा अहमदनगरपर्यंत येतो. ब्रिटिश विनोदाची दिशा बदलणारे स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात होते आणि मिलिगन यांचे बालपण पुण्यात व रंगूनमध्ये गेले. बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० या काळात गाजलेल्या त्यांच्या ‘द गून शो’चे नाव सेगर यांच्या चित्रमालिकेतून आले. त्या मालिकेत ‘गून’ नावाचे धिप्पाड, केसाळ प्राणी होते. फ्लायशर स्टुडिओने १९३८ मध्ये ‘गूनलँड’ हा पट काढून त्यांना पडद्यावरही आणले. नगरच्या लष्करी छावणीच्या वातावरणात जन्मलेल्या मुलाने अमेरिकन दैनिकातल्या चित्रमालिकेतला शब्द उचलून इंग्लंडच्या रेडिओवर अजरामर केला. चित्रमालिका कुठून निघते आणि कुठे पोचते, याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्याला दुसरे शोधावे लागणार नाही.

रूपांतराचे इतर मार्गही जाणून घ्यावेत. चार्ल्स शुल्ट्झ यांची ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षे चालली. १९६५ मध्ये तिच्यावरून आलेल्या नाताळच्या दूरचित्रवाणीपटात खऱ्या मुलांचे आवाज वापरले गेले आणि मालिकेतला उदास, विचारी सूर टिकवला गेला. जपानमध्ये माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ १९४६ मध्ये एका प्रादेशिक दैनिकात सुरू झाली. तिच्यावरची ॲनिमेशन मालिका १९६९ पासून दर आठवड्याला दाखवली जात आहे. १९८६ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’मध्ये फँटम, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन हे तीन वेगवेगळ्या मालिकांतले नायक एकत्र आणले गेले. असे एकत्रीकरण मूळ दैनिक-कथांत नव्हते. याउलट ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन यांनी १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत आणि नंतरही ॲनिमेशनला नकार दिला. त्यामुळे त्या मालिकेचा शोध हा केवळ कागदाचा शोध राहतो.

महाराष्ट्रात ॲनिमेशनची वाट वेगळी गेली. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून दाखवणारा छोटा पट काढला होता. प्रभात फिल्म कंपनीने १९३० च्या दशकात ‘जंबूकाका’ हे व्यंगचलच्चित्र केले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे भारतीय चित्रकारांना शिकवले आणि राम मोहन यांच्यासारखे दिग्दर्शक त्यातून पुढे आले. या विभागाचे विषय मुख्यतः लोकशिक्षणाचे आणि लोककथांचे होते. वृत्तपत्रातल्या मालिकेवरून ॲनिमेशनपट काढण्याची रीत येथे रुजली नाही. लक्ष्मण यांच्या रेषेतून ‘वागले की दुनिया’ ही १९८८ ची दूरदर्शन मालिका आली, तीही जिवंत नटांची. ‘चिंटू’ २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली मोठ्या पडद्यावर आला आणि २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला. दोन्हींत मुलांनी प्रत्यक्ष भूमिका केल्या. मराठी दैनिकातल्या मालिकेचे रूपांतर शोधणाऱ्याने म्हणून ॲनिमेशनपुरता शोध मर्यादित ठेवू नये. नट, नाटक, जाहिरात आणि दूरचित्रवाणी या सर्व वाटा पाहाव्यात.

मूळ मालिका नाहीशा का झाल्या, याची कारणे स्पष्ट आहेत. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातल्या आम्लामुळे आणि उजेडामुळे तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. वाचनालयांना जागेची टंचाई असते, म्हणून जुने गठ्ठे विकले जातात. परदेशांत अनेक ग्रंथालयांनी विसाव्या शतकात दैनिकांच्या मायक्रोफिल्म काढून मूळ अंक टाकून दिले. मायक्रोफिल्म काळी-पांढरी असल्याने रविवारच्या पानांचे रंग कायमचे गेले. या विध्वंसाला एका माणसाने अडवले. बिल ब्लॅकबिअर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रंथालये टाकून देत असलेले अंक गोळा केले आणि त्यांतल्या चित्रमालिका कापून क्रमाने लावल्या. १९९८ मध्ये हा सुमारे ७५ टनांचा साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला. अमेरिकन चित्रमालिकांची आजची संग्राह्य पुस्तके बऱ्याच अंशी या कष्टामुळे निघू शकली.

मराठी मालिकांसाठी शोधाची सुरुवात जवळच्या वाचनालयातून करावी. अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ मधली, म्हणजे मराठी मुलखातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी ते एक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्यानंतर अनुदानाच्या आधाराने तालुक्याच्या गावांत व खेड्यांत वाचनालये वाढली. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी, जामखेड अशा ठिकाणी पुण्या-मुंबईची दैनिके एसटीने येत आणि वाचनालयाच्या टेबलावर दिवसभर फिरत. एखाद्या वाचनालयाने संच बांधून ठेवले असतील तर त्यांत डाक आवृत्ती आहे की शहर आवृत्ती, हे आधी पाहावे. पुरवणी काही आवृत्त्यांबरोबर येई, काहींबरोबर येत नसे. त्यामुळे पुण्यातल्या संचात दिसणारी रविवारची मालिका नगरच्या संचात नसणे शक्य असते.

स्थानिक शोध अपुरा पडला तर कायद्याने उभे केलेले भांडार उपयोगी पडते. पुस्तके आणि वृत्तपत्रे ग्रंथालयांकडे पाठवण्याचा कायदा १९५४ चा आहे आणि १९५६ च्या दुरुस्तीने तो वृत्तपत्रांनाही लागू झाला. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय ही ठिकाणे त्यासाठी ठरलेली आहेत. पुण्यातील केसरी-मराठा ग्रंथालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हीही मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकांची जुनी आश्रयस्थाने. चलच्चित्रांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे १९६४ पासून मुख्य ठिकाण आहे. याशिवाय घरगुती कात्रणवह्या, जुन्या शिक्षकांच्या कपाटातले गठ्ठे, रद्दीची दुकाने आणि जुन्या पुस्तकांचे रस्त्यावरचे बाजार यांना कमी लेखू नये. इंद्रजालचे मराठी अंक आजही प्रामुख्याने याच वाटेने हाती येतात.

सापडलेली पट्टी ओळखण्याची रीत सोपी आहे. चौकटींच्या फटीत किंवा कोपऱ्यात चित्रकाराची सही, महिना व दिवस यांचे आकडे आणि हक्कदार संस्थेचे नाव बारीक अक्षरांत असते. तो दिनांक मूळ प्रकाशनाचा असतो, मराठीत किंवा भारतात ती पट्टी बऱ्याच नंतर छापलेली असू शकते. कात्रणाच्या पाठीमागची बातमी किंवा जाहिरात वाचली तर भारतीय तारीख बहुधा ठरवता येते. म्हणून कात्रण कधीही जाड कागदावर पूर्ण चिकटवू नये. दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि पट्टीचे पहिले वाक्य एवढी नोंद प्रत्येक कात्रणाबरोबर ठेवली, तर तो संग्रह पुढच्या अभ्यासकाच्या कामी येतो.

चलच्चित्राच्या बाबतीतही प्रत तपासावी लागते. पॉपायचे जुने पट १९५६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी विकले गेले, तेव्हा मूळ नामावल्या काढून नव्या जोडण्यात आल्या. १९८० च्या दशकात काही काळे-पांढरे पट पुन्हा गिरवून रंगवले गेले आणि त्यांत मूळ हालचालींची लय बिघडली. मूळ स्वरूपातल्या चांगल्या प्रती २००७ पासून डीव्हीडीवर निघाल्या. म्हणून पट पाहताना नामावली, निर्मितीचे वर्ष, कालावधी आणि रंग या चार गोष्टी मूळ नोंदींशी ताडून घ्याव्यात. भारतीय वाहिन्यांवर दाखवलेल्या आवृत्त्यांत आवाज बदललेले आणि प्रसंग कापलेले असू शकतात, त्यामुळे त्यांची वेगळी नोंद करावी.

संग्रह करणाऱ्याने हक्कांचे भानही ठेवावे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, १९५७ च्या मूळ कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांसह, लेखक व चित्रकाराचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. चित्रपटाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतात. म्हणजे लक्ष्मण यांची चित्रे किंवा चिंटूच्या पट्ट्या परवानगीवाचून पुन्हा छापता येत नाहीत. तरीही २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, बिगर-व्यापारी ग्रंथालयाला स्वतःकडच्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ज्या वाचनालयाकडे बांधीव संच आहे, त्याने ती वापरावी.

चित्रमालिका हा बालवाचनाचा किरकोळ भाग नाही. रोजच्या बोलण्याची, घरातल्या वागण्याची, विनोदाच्या रुचीची इतकी नियमित नोंद दुसऱ्या फार थोड्या साधनांत मिळते. तिचा ॲनिमेशनपट किंवा चित्रपट ही तिची पुढची आवृत्ती असते. ती मूळ पट्टीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयाने आपल्या जुन्या संचांची यादी करावी आणि रद्दी देण्यापूर्वी पुरवण्या उघडून पाहाव्यात. ज्या घरांत इंद्रजालचे अंक किंवा चिंटूची कात्रणे आहेत, त्यांनी ती तारखेसह नोंदवून वाचनालयाला दाखवावीत. मराठी चित्रमालिकेचा इतिहास लिहायचा तर त्याची साधने आधी कपाटांतून आणि माळ्यांवरून बाहेर यायला हवीत, आणि ते काम आजच्या वाचकालाच करायचे आहे.